त्वचेची भिंत कशी राखावी

गेल्या डिसेंबरात दिंडोरी तालुक्यातल्या मावशीच्या घरी ओट्यावर उन्हाला बसलो असताना मी तिचा उजवा हात हातात घेऊन पहिल्यांदाच नीट पाहिला. अंगठ्याच्या पेरावर आडवी भेग पडली होती, तिच्या कडा पांढुरक्या आणि कडक झाल्या होत्या, आत लालसर रेघ दिसत होती आणि चहाचा कप धरला की तिथे ठसठसत होते. बोटांची टोके इतकी गुळगुळीत झाली होती की रेशन दुकानातल्या यंत्रावर तिचा ठसा उमटत नव्हता. तीन वर्षांत तिने चार प्रकारची मलमे लावून पाहिली होती. हात धुण्याचा साबण मात्र एकदाही बदलला नव्हता.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि त्वचेवरचे संशोधन गेली अनेक वर्षे वाचत आलो आहे. या काळात निरनिराळ्या दिशांनी झालेले काम पुन्हा पुन्हा एकाच जागी येऊन पोहोचले, आणि ती जागा म्हणजे त्वचेचा सर्वांत वरचा पातळ थर. अंगात उष्णता झाली किंवा रक्त बिघडले असे आपण सहज म्हणून जातो, परंतु इसबासारख्या अनेक तक्रारींची सुरुवात या थराला पडलेल्या फटींतून होते, असे आता ठामपणे सांगता येते. हा थर घरच्या घरी, फारसा खर्च न करता, बऱ्याच अंशी दुरुस्त करता येतो. तो कसा करावा आणि कोणत्या ठिकाणी हात आखडता घेऊन डॉक्टरांकडे जावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे. निदान करणे हे त्वचारोगतज्ज्ञांचेच काम आहे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

आधी भिंत समजून घ्यावी

तळहात आणि तळपाय सोडले तर या थराची जाडी १० ते २० मायक्रोमीटर असते. डोक्याच्या केसाची जाडी याच्या कितीतरी पट भरते. अमेरिकेतील संशोधक पीटर एलियास यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती आजही टिकून आहे. चपट्या, मृत पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व स्निग्धाम्ले यांचे मिश्रण हा त्यांच्यामधला चुना. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत, कडक होत, शेवटी झडून जाते आणि या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. म्हणूनच त्वचेची कोणतीही निगा चार दिवस करून सोडून देण्यात अर्थ नाही. एक साधा, ठरावीक क्रम किमान चार आठवडे पाळावा आणि मगच त्याचा गुण आला की नाही हे ठरवावे.

२००६ साली स्कॉटलंडमधील डंडी येथे अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असला तर त्वचा माशाच्या खवल्यांसारखी कोरडी होते आणि इसबाचा धोका वाढतो. हे प्रथिन विटेला आतून बळकटी देते आणि पुढे त्याचेच तुकडे होऊन ते पाणी धरून ठेवतात. तोपर्यंत इसब हा मुख्यतः प्रतिकारशक्तीचा बिघाड मानला जात असे. या शोधानंतर गळक्या भिंतीकडे लक्ष गेले. घरात कोणाच्या नडग्यांवर बारीक खवले धरत असतील, तळहातावरच्या रेषा नेहमीपेक्षा दाट आणि खोल असतील आणि सोबत दमा किंवा सततच्या सर्दीचा इतिहास असेल, तर त्या व्यक्तीची भिंत जन्मतःच थोडी कच्ची असण्याची शक्यता धरून पुढची निगा तिच्यासाठी अधिक काटेकोर ठेवावी.

दुसरी बाब सामूची, म्हणजे आम्लता मोजणाऱ्या पीएचची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू साधारण ४.५ ते ५.५ असतो, तर वडीच्या साध्या साबणाचा सामू ९ ते १० पर्यंत जातो. सामू वाढला की भिंतीतला चुना बनवणारी विकरे (एन्झाइम) मंदावतात आणि विटांचे सांधे कापणारी विकरे जोरात काम करू लागतात. एका आंघोळीने निरोगी त्वचेचे काही बिघडत नाही, ती थोड्या वेळात सावरते. पण दिवसातून पंधरा वेळा साबणाने धुतल्या जाणाऱ्या हातांना सावरायला वेळच मिळत नाही.

खाजेविषयीही नवे काही कळले आहे. हार्वर्डमधील आयझॅक चिऊ यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांवर दाखवले की इसबाच्या त्वचेवर हमखास सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू स्वतःच एक विकर सोडतो आणि ते विकर थेट चेतातंतूंना डिवचून खाज उत्पन्न करते. म्हणजे फट पडते, जिवाणू वस्तीला येतो, खाज सुटते आणि खाजवल्याने फट आणखी रुंदावते. हे चक्र तोडण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे फट बुजवणे, आणि ते काम आंघोळीच्या मोरीपासून सुरू होते.

आंघोळ आणि मलम

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथली हवा थंड आणि कोरडी असते. निफाडला तर काही पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा दिवसांत कढत पाण्याने बराच वेळ आंघोळ करावीशी वाटते, आणि भिंतीतला स्निग्ध चुना नेमका त्यानेच धुऊन निघतो. पाणी कोमट घ्यावे आणि आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटपावी. साबण काखा, जांघा आणि पावले एवढ्यापुरता वापरावा. हातपाय, पाठ आणि पोट यांना रोज साबणाची गरज नसते. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांनी साबणाऐवजी त्वचेच्या सामूला जवळचा, सुगंधरहित क्लेन्झर किंवा सिंडेट, म्हणजे साबणविरहित, वडी घ्यावी. दगडाने किंवा प्लॅस्टिकच्या घासणीने अंग घासणे पूर्णपणे बंद करावे. दिवाळीचे उटणे निरोगी त्वचेवर लावायला हरकत नाही, मात्र भेगा किंवा चट्टे असलेल्या जागेवर ते चोळू नये.

यानंतरची दोन-तीन मिनिटे महत्त्वाची असतात. पंचाने अंग खसाखसा न पुसता टिपून घ्यावे आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच मलम लावावे, म्हणजे आत शिरलेले पाणी आतच राहते. मलम केसांच्या दिशेने, वरून खाली, हलक्या हाताने फिरवावे, कारण उलट दिशेने चोळल्यास केसांच्या मुळांशी ते साचून पुळ्या येऊ शकतात. आपल्याकडे सर्वाधिक चूक मात्रेत होते. प्रौढ माणसाच्या अंगभर एकदा लावायला २० ते ३० ग्रॅम मलम लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी. ती महिनाभर पुरत असेल, तर आपण मलम लावत नसून नुसते दाखवत आहोत असे समजावे.

कोणते मलम घ्यावे, या प्रश्नावर आता चांगला पुरावा हाती आहे. इंग्लंडमध्ये इसब असलेल्या ५५० मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम या चार प्रकारांची तुलना झाली आणि २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष आले: चारही प्रकारांच्या परिणामात म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणून महागडे मॉइश्चरायझर परवडत नाही या विचाराने कोणीही निगा सोडू नये. साधी पेट्रोलियम जेली, किंवा पांढरे मऊ पॅराफिन आणि द्रव पॅराफिन यांचे मलम, भिंतीवर उत्तम झाकण घालते. सिरॅमाइड असलेले क्रीम परवडत असेल तर अवश्य घ्यावे, परंतु ते थोडेथोडे पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त मलम भरपूर वापरणे अधिक हिताचे आहे. टाचा आणि नडग्यांसाठी १० टक्के युरिया असलेले क्रीम चांगले काम देते, कारण युरिया पाणी धरून ठेवतो. मात्र उघड्या भेगेवर ते झोंबते, म्हणून आधी पेट्रोलियम जेलीने भेग मिटू द्यावी. डबा मोठा असेल तर मलम स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे. आणखी एक धोका आपल्या भागात विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पॅराफिनचे मलम कपड्यांत आणि पांघरुणात मुरते आणि असे कापड चटकन पेट घेते. मलम लावून शेकोटीपाशी किंवा चुलीपाशी बसू नये.

बाळाची मालीश

तान्ह्या बाळाची मालीश हा आपल्याकडे घराघरांतला विधी आहे आणि तो थांबवण्याचे काही कारण नाही, पण तेल विचारपूर्वक निवडावे. ढाक्यातील रुग्णालयात मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सूर्यफुलाचे तेल लावलेल्या बाळांमध्ये रुग्णालयात होणारे संसर्ग ४१ टक्क्यांनी कमी आढळले. या तेलातील लिनोलेइक आम्ल भिंतीच्या चुन्याला उपयोगी पडते. याउलट मोहरीचे आणि ऑलिव्हचे तेल भिंतीला अपायकारक ठरू शकते असे प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा सूर्यफुलाचे किंवा शुद्ध खोबऱ्याचे तेल घ्यावे आणि हलक्या हाताने लावावे. डाळीच्या पिठाने बाळाची लव काढण्यासाठी त्वचा रगडणे मात्र टाळावे, मग आजीबाई कितीही आग्रह करोत.

जन्मापासून रोज मॉइश्चरायझर लावले तर इसब होणारच नाही, अशी आशा मधल्या काळात निर्माण झाली होती. ब्रिटनमध्ये १,३००हून अधिक बाळांवर वर्षभर हे करून पाहिले गेले आणि २०२० मध्ये निष्कर्ष आला की त्यामुळे इसब टळत नाही. तर्क चांगला होता, पण प्रत्यक्ष चाचणीत तो टिकला नाही. त्यामुळे बाळाची त्वचा कोरडी असेल तर मलम लावावे, पण निरोगी बाळाला 'इसब होऊ नये म्हणून' महागडी क्रीमे विकत घेण्याची गरज नाही.

बागेतले आणि ओट्यावरचे हात

आता मावशीच्या हाताकडे येतो, कारण असे हात नाशिक जिल्ह्यात हजारोंनी आहेत. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षाच्या काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली जाते. हे रसायन त्वचेला लागले तर आग होते, फोड येतात आणि काहींना कायमची ॲलर्जी जडते. पेठ-सुरगाण्याकडून छाटणीला येणाऱ्या टोळ्यांतील मजूर कित्येकदा सुती हातमोजे घालून हे काम करतात, आणि ते उघड्या हातांपेक्षाही वाईट, कारण भिजलेले सूत रसायन तासन् तास त्वचेला चिकटवून ठेवते. नायट्राइल रबराचे लांब हातमोजे वापरावेत, घाम टिपण्यासाठी आत पातळ सुती मोजे घालावेत आणि ते ओले झाले की बदलावेत. काम संपल्यावर रबरी मोजे हातात असतानाच बाहेरून धुवावेत आणि मगच काढावेत. हेच रसायन शरीरात मद्याचे विघटन अडवते. त्यामुळे पेस्ट लावण्याच्या सुमारास दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे आणि धाप लागणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात. डब्यावर जितके दिवस मद्य वर्ज्य सांगितले असेल तितके दिवस ते कटाक्षाने पाळावे. बागायतदारांनी ही गोष्ट टोळीतल्या प्रत्येकाला स्वतः सांगावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण डब्यावरची बारीक अक्षरे मजुरापर्यंत पोहोचत नाहीत.

स्वयंपाकघरातली इजा हळूहळू होते, म्हणून ती ओळखू येत नाही. लसणातील डायअलाइल डायसल्फाइडची ॲलर्जी असलेल्या उजखुऱ्या व्यक्तीच्या डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके फाटतात, कारण पाकळी त्या हाताने धरलेली असते. ठराविक बोटांचीच टोके फाटत असतील तर लसूण काही आठवडे दुसऱ्याकडून सोलून घ्यावा. साध्या हातमोज्यांतून हे रसायन आरपार जाते, त्यामुळे त्यांच्यावर विसंबू नये. मिरची कुटल्यावर हाताची जी आग होते तिचे कारण निराळे आहे. मिरचीतले कॅप्सेसिन चेतातंतूंवरील उष्णता ओळखणाऱ्या संवेदकाला जागे करते, आणि हा संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून आग होत असताना आधी खाद्यतेल चोळावे, ते पुसून घ्यावे आणि मग सौम्य क्लेन्झरने हात धुवावेत.

भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर हाताळताना मोजे घालावेत आणि प्रत्येक वेळी हात धुतल्यावर बोटांच्या फटींत व पेरांवर मलम लावावे. रात्री जाड थर लावून वर सैल सुती मोजे चढवून झोपावे. मावशीने साबण बदलला, लसूण सोलणे सुनेकडे दिले आणि रात्रीचे मोजे नेमाने घातले. पाचव्या आठवड्यात तिच्या अंगठ्याची भेग पूर्ण मिटली होती. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कूलंट हाताळणाऱ्यांनी आणि सिमेंटमध्ये काम करणाऱ्यांनीही हाच क्रम पाळावा.

शेताच्या बांधावर वाढणाऱ्या गाजरगवताची ॲलर्जी मात्र हातांपुरती राहत नाही. त्याचे सुकलेले कण हवेतून येतात आणि पापण्या, मान, कानामागची जागा आणि कोपराची खोबण लाल होऊन खाजते. चट्टे अशा जागी असतील आणि शेतात गेल्यावर वाढत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना पॅच टेस्टविषयी विचारावे. या चाचणीत संशयित पदार्थ पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्यानंतर दोन वेळा त्वचा तपासतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, एवढेच पथ्य असते.

नायटा आणि ट्यूबवरची बारीक अक्षरे

माझ्या भाच्याला जांघेत नायटा झाला तेव्हा शहरातल्या एका मेडिकलमधून त्याला चिठ्ठीशिवाय एक ट्यूब मिळाली. तिने दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्याने परत आली, पुन्हा ट्यूब, पुन्हा खाज. सहा महिन्यांनी नायटा मांडीपासून पोटापर्यंत पसरला होता आणि जांघेत ताणल्यासारखे जांभळट पट्टे उमटले होते. ते पट्टे आता आयुष्यभर राहतील. मला याचा आजही संताप येतो, कारण हे सगळे टाळता येण्यासारखे होते.

ट्यूबच्या मागच्या बाजूला घटकांची नावे असतात, ती उजेडात धरून वाचावीत. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव दिसले तर त्यात स्टेरॉइड आहे. त्यासोबत टर्बिनाफिन किंवा मायकोनाझोल यांसारखे बुरशीनाशक आणि शिवाय एखादे प्रतिजैविक, अशी तिहेरी किंवा चौहेरी मिश्रणे आपल्याकडे सर्रास मिळतात. स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून खाज लगेच थांबते. बुरशी मात्र निर्धास्त वाढत राहते, नायट्याची ओळखीची गोल कड पुसट होते आणि पुढे डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा स्टेरॉइडयुक्त मलमांचा समावेश 'शेड्यूल एच'मध्ये केला, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री करता येत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल या मलमांच्या गैरवापराविरुद्ध दीर्घकाळ काम करत आहे.

याच गैरवापराच्या वातावरणात भारतीय उपखंडात एका नव्या बुरशीने हातपाय पसरले. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटन इंडोटिनिए हे नाव दिले. तिच्यातील अनेक प्रकारांवर टर्बिनाफिन चालत नाही, कारण हे औषध ज्या विकरावर काम करते त्याचीच रचना जनुकीय बदलाने पालटली आहे. म्हणून शेजाऱ्याला ज्या गोळीने गुण आला तीच आपल्याला लागू पडेल असे मानू नये. डॉक्टरांना त्वचेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी. उपचार सुरू झाल्यावर खाज थांबली म्हणून औषध सोडू नये, डॉक्टर सांगतील तितके आठवडे ते पूर्ण करावे. रुग्णाचा टॉवेल, अंतर्वस्त्रे आणि अंथरूण वेगळे ठेवावे, गरम पाण्यात धुऊन, उलटे करून कडक उन्हात वाळवावे. घट्ट जीन्स काही महिने बाजूला ठेवावी. घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत, नाहीतर बुरशी घरातल्या घरात फिरत राहते.

स्टेरॉइडचे मलम हे इसबावर आणि सोरायसिसवर अतिशय उपयोगी औषध आहे, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. डॉक्टरांनी दिले असेल तर तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबमधून एक रेघ काढावी. हे साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते.

वांग, टिकली आणि ऊन

वांग केवळ अतिनील किरणांनी गडद होतो असे पूर्वी मानले जाई. आता दिसून आले आहे की डोळ्यांना दिसणारा, विशेषतः निळा प्रकाशही सावळ्या त्वचेत रंगद्रव्य वाढवतो. २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी रंगपेशींवरील तो प्रकाश टिपणारा ऑप्सिन-३ हा संवेदक दाखवून दिला. त्यामुळे वांग असलेल्यांनी पांढऱ्या सनस्क्रीनऐवजी आयर्न ऑक्साइड असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. चेहरा आणि मान यांसाठी तर्जनी व मधल्या बोटावर दोन पूर्ण रेघा काढाव्यात आणि बाहेर असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे. दुचाकीवरून जाताना बांधला जाणारा स्कार्फ हा या बाबतीत उत्तम उपाय आहे.

कपाळावर टिकलीच्या जागी नेमका गोल पांढरा डाग पडत असेल तर तो टिकलीच्या गोंदामुळे असू शकतो. गोंदातील काही फिनॉल-वर्गीय रसायने रंगपेशींना मारतात. टिकली तत्काळ बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. डाग वाढेपर्यंत थांबू नये.

नवी औषधे आणि वर्तमानपत्रातल्या बातम्या

गेल्या दहा वर्षांत त्वचारोगांवर जितकी नवी औषधे आली तितकी त्याआधी क्वचितच आली असतील. इसबासाठी डुपिलुमॅबला अमेरिकेत २०१७ मध्ये, चाई पडण्यासाठी बॅरिसिटिनिबला आणि कोडावर लावायच्या रुक्सोलिटिनिब क्रीमला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. कोडाच्या चाचण्यांत २४ आठवड्यांनंतर सुमारे ३० टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावरील डाग तीन चतुर्थांश भरून आले. आशा वाटावी असाच हा आकडा आहे, मात्र उरलेल्या ७० टक्क्यांना तेवढा गुण आला नाही, हेही त्यातच आले. शिवाय औषध थांबवल्यावर कोड, सोरायसिस नेमके जुन्याच जागी परत का उमटते, याचेही एक उत्तर मिळाले आहे: प्रतिकारशक्तीच्या स्मृतिपेशी त्या जागेच्या त्वचेत वर्षानुवर्षे ठाण मांडून राहतात. म्हणून डाग गेल्यावरही डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा औषध लावायला सांगितले असेल तर ते अनाठायी नसते.

अशा औषधांविषयी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी करायची का, रक्ताच्या कोणत्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या, गर्भधारणेचा विचार असेल तर काय, महिन्याचा खर्च किती आणि मध्येच थांबवावे लागले तर काय होईल, हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. आपल्या देशात क्षयरोग सर्वत्र असल्याने पहिला प्रश्न कधीही वगळू नये.

बातमी वाचताना प्रयोग उंदरावर झाला की माणसावर, हे सर्वप्रथम शोधावे. उंदराची त्वचा पातळ आणि केसाळ असते आणि तिच्या जखमा मुख्यतः आकसून भरतात, आपल्या तशा भरत नाहीत. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझिन हा खाद्यपदार्थांत वापरला जाणारा पिवळा रंग लावून उंदराची त्वचा तात्पुरती पारदर्शक केली. प्रयोग विलक्षण होता, पण माणसाच्या त्वचेवर तो करून पाहण्याचा विचारही करू नये. याउलट, त्वचा सतत फोडांनी सोलून निघण्याचा आनुवंशिक आजार असलेल्या सात वर्षांच्या एका मुलाला जर्मनीत बोखुम येथे त्याच्याच पेशींतील जनुक दुरुस्त करून वाढवलेली त्वचा लावण्यात आली. तिने शरीराचा सुमारे ८० टक्के भाग व्यापला. इटलीतील मिकेले दे लुका यांच्या गटाने २०१७ मध्ये हे प्रसिद्ध केले. मूठभर दीर्घायुषी मूलपेशी संपूर्ण बाह्यत्वचा पुन्हा पुन्हा उभी करतात, हे माणसाच्या अंगावर सिद्ध झाले ते यातूनच, आणि मला स्वतःला या शतकातले हे सर्वांत हृद्य संशोधन वाटते.

डॉक्टरांकडे जाताना

आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, पिशवीत घालून न्याव्यात. चट्ट्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, दर आठवड्याला त्याच जागेवरून काढून ठेवावेत, कारण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत पुष्कळदा त्वचेचे रूप बदललेले असते. जाण्याच्या दिवशी चेहऱ्यावर पावडर किंवा चट्ट्यावर हळद लावू नये. ताप, वेगाने पसरणारी लाली, तोंडात किंवा डोळ्यांत फोड, नवे औषध घेतल्यावर आलेले पुरळ, किंवा महिन्यात न भरणारी जखम यांपैकी काही असेल तर घरगुती निगा करत थांबू नये.

फिकट किंवा लालसर चट्टा खाजत नसेल, दुखत नसेल, तर त्याची संवेदना तपासावी. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाच्या वातीचे टोक आधी निरोगी त्वचेवर आणि मग चट्ट्यावर अलगद टेकवावे आणि स्पर्श झाला त्या जागी बोट ठेवायला सांगावे. चट्ट्यावरचा स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. याचे औषध प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते, रोगाच्या प्रकारानुसार ते सहा किंवा बारा महिने घ्यावे लागते, आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णापासून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. त्याचे ताट, अंथरूण किंवा खोली वेगळी करण्याची काहीही गरज नसते.